अतिवृष्टीमुळे शाळेला सुटी असते, त्या दिवशी शिक्षकांनी हजर राहावे का?

पहिलीचा वर्ग (प्रश्न)

मी परळच्या बाजूच्या एका अनुदानित प्राथमिक शाळेत शिकवते आणि बदलापूरला राहते. मुंबईत घर घेणे आम्हाला परवडले नाही. आमच्या शाळेतल्या निम्म्याहून अधिक शिक्षकांचे असेच आहे. कोणी कर्जतहून येते, कोणी विरारहून, कोणी पनवेलहून. एरवीच्या प्रवासाबद्दल माझी तक्रार नाही. प्रश्न आहे तो लाल इशाऱ्याच्या दिवसांचा. महापालिका किंवा जिल्हाधिकारी शाळांना सुटी जाहीर करतात, मुले घरी राहतात, आणि शिक्षकांना मात्र बोलावले जाते.

गेल्या पावसाळ्यात अशाच एका दिवशी सकाळी सहाच्या सुमारास सुटीची बातमी आली. पाठोपाठ शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर मुख्याध्यापकांचा निरोप आला की सुटी विद्यार्थ्यांना आहे, शिक्षकांनी नेहमीच्या वेळी हजर राहावे, अन्यथा किरकोळ रजा लावली जाईल. माझी मुलगी सात वर्षांची आहे. तिच्याही शाळेला सुटी होती. यजमान पाळीवर गेलेले होते, म्हणून तिला शेजारच्या काकूंकडे ठेवून मी निघाले. विद्याविहारच्या पुढे गाडी जी थांबली ती थांबलीच, कारण कुर्ला आणि शीवच्या दरम्यान रुळांवर पाणी होते. दीड तासानंतर लोक उतरू लागले तशी मीही उतरले आणि गुडघाभर पाण्यातून बरेच अंतर चालून, मग मिळेल त्या वाहनाने, पावणेबाराला शाळेत पोहोचले. तोपर्यंत सहा शिक्षक आले होते. हजेरीपटावर सही केली. वीज नव्हती, त्यामुळे संगणकावर माहिती भरण्याचे जे काम सांगितले होते ते करता आले नाही. दुपारी अडीचला आम्हाला सोडले आणि मी रात्री दहाच्या पुढे घरी पोहोचले. मुलगी काकूंच्या घरीच झोपली होती.

बदलापूरच्या माणसाला पावसाची भीती वाटते ती उगाच नाही. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस उल्हास नदीच्या पुरात अडकली होती आणि हजाराच्या आसपास प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावे लागले होते. मी रोज जाते-येते ती ह्याच रेल्वेमार्गाने, बदलापूरच्या अलीकडच्या टप्प्यात.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. मुलांसाठी रस्ता धोक्याचा ठरवला जातो, तेव्हा त्याच रस्त्याने शिक्षकाने यावे अशी अपेक्षा ठेवणे योग्य आहे का? आणि योग्य असेलच, तर त्या दिवशी शाळेत नेमके कोणते काम असावे, जे दुसऱ्या दिवशी केले तर चालणार नाही?

जुना फळा

मॅडम, मी ठाणे जिल्ह्यात चौदा वर्षे मुख्याध्यापक होतो आणि आता निवृत्त आहे. तुम्हाला ज्यांनी निरोप पाठवला त्यांच्या खुर्चीवर मी बसलेलो आहे, म्हणून त्या बाजूची अडचण आधी सांगतो.

सुटीचा आदेश बहुतेक वेळा उशिरा येतो. ८ जुलै २०२४ च्या पहाटे मुंबईत काही ठिकाणी सहा तासांत ३०० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला आणि सकाळच्या सत्राला सुटी जाहीर झाली, तेव्हा असंख्य घरांत डबे भरून झाले होते आणि काही मुले रिक्षात बसलीही होती. ज्यांच्या घरी मोबाइल एकच आणि तोही वडिलांबरोबर कामावर गेलेला, अशी मुले अशा दिवशी हमखास शाळेच्या फाटकाशी येऊन उभी राहतात. मी स्वतः एका सकाळी अकरा मुले फाटकाशी पाहिली आहेत. त्यांतली सर्वांत लहान पहिलीतली होती आणि तिला मोठ्या भावाने सोडून तो पुढे त्याच्या शाळेकडे गेला होता. शाळेला कुलूप असते तर ती कोणाच्या भरवशावर परत गेली असती? त्यामुळे शाळेत कोणीच नसावे, हे मला मान्य नाही.

२६ जुलै २००५ ची आठवण तर आमच्या पिढीच्या शिक्षकांच्या मनातून जायची नाही. त्या दिवशी सुटी नव्हती. दुपारनंतर आभाळ कोसळू लागले आणि चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मी तेव्हा सहशिक्षक होतो. आमच्या शाळेत चाळीसएक मुले रात्रभर राहिली. आम्ही वरच्या मजल्यावर सतरंज्या टाकल्या, शिपाईमामांनी तांदूळ-डाळ शिजवली, आणि घरी आपली स्वतःची मुले कुठे आहेत हे ठाऊक नसताना आमच्यातल्या दोन बाई पहाटेपर्यंत मुलांना गोष्टी सांगत होत्या. त्या रात्री कोणालाही हजर राहण्याचा आदेश द्यावा लागला नव्हता.

पण ह्याच अनुभवातून मी उलट बाजूनेही शिकलो. त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटर पाऊस होता. एकाच शहरात इतका फरक पडतो, म्हणून शाळेत कोण पोहोचू शकते हे परिपत्रक पाहून कळत नाही, शिक्षक राहतो कुठे ते पाहून कळते. मुख्याध्यापक झाल्यावर मी जूनच्या पहिल्या बैठकीत एक कागद करून घेत असे. शाळेपासून चालत येण्याच्या अंतरावर राहणारे शिक्षक आणि शिपाई कोण, ते लिहायचे आणि अतिवृष्टीच्या दिवशी त्यांपैकी दोघांनी पाळीपाळीने यायचे. येणाऱ्यांनी फाटकाशी आलेल्या मुलांना आत घ्यावे, पालकांना फोन करावेत, शेवटचे मूल गेले की कुलूप लावून जावे. बाकीच्यांनी घरी राहायचे आणि त्यांची रजा लावायची नाही. जवळ राहणाऱ्यांवर भार पडतो म्हणून त्यांना स्नेहसंमेलनाच्या किंवा सहलीच्या जादा कामातून सूट द्यायची. चौदा वर्षांत ह्यावरून एकदाही वाद झाला नाही.

बदलापूरच्या शिक्षिकेला परळला बोलावून फाटकाशी आलेल्या मुलाचे काही भले होत नाही. ती पोहोचेपर्यंत ते मूल केव्हाच घरी गेलेले असते.

पंचगंगाकाठ

मी शिरोळ तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. आमच्याकडचा प्रश्न मुंबईपेक्षा वेगळा आहे. पुराच्या दिवशी आमच्या काही शाळा बंद राहत नाहीत, तिथे फक्त वर्गाऐवजी निवारा असतो.

कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. हे आकडे इथल्या पाचवीतल्या मुलालाही पाठ असतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. आमचे गाव त्या मानाने उंचावर असल्यामुळे खालच्या वाड्या-वस्त्यांतील कुटुंबे आमच्या शाळेत आणली गेली. मी आणि माझे दोन सहकारी तिथे नऊ दिवस होतो. कुटुंबप्रमुखाचे नाव, माणसे किती, त्यांत गरोदर बाई, म्हातारे, तान्ही मुले किती, कोणाचे औषध चालू आहे, जनावरे कुठे बांधली आहेत, हे सगळे वहीत उतरवायचे, तलाठ्यांना आणि आरोग्य उपकेंद्राला कळवायचे, आलेला शिधा मोजून घ्यायचा आणि वाटायचा. शाळेतल्या मुलांची नावे आणि घरे आम्हाला ठाऊक असल्यामुळे ते काम आमच्याइतक्या लवकर दुसऱ्या कोणाला जमले नसते. एका आजींना त्यांचा नातू दुसऱ्या गावच्या निवाऱ्यात असल्याचे आमच्या एका मोबाइलवरून कळले. तो क्षण मी विसरू शकत नाही.

शिक्षण हक्क कायदा, २००९ चे कलम २७ शिक्षकांना अशैक्षणिक कामे देऊ नयेत असे सांगते, पण त्याला तीन अपवाद आहेत : दशवार्षिक जनगणना, निवडणुका आणि आपत्ती निवारण. शिक्षक संघटना निवेदनांत ह्या कलमाचा पहिला भाग नेहमी उद्धृत करतात, तो योग्यच आहे. पण आपत्ती निवारणाचा अपवादही मला मनापासून मान्य आहे. पूरग्रस्तांची नोंद करायला मला बोलावले तर मी येईन, आणि रजेवर असलो तरी येईन.

मात्र आपत्ती निवारणाचे काम आणि हजेरीपटावरची सही ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही जिल्ह्यांच्या सुटीच्या आदेशांत असे वाक्य असते की विद्यार्थ्यांना सुटी राहील, तथापि मुख्याध्यापक, शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी शालेय वेळेत उपस्थित राहून आपत्ती व्यवस्थापनाची कामे करावीत. वाक्य ऐकायला रास्त वाटते. पण कोणती कामे, कोणाच्या हाताखाली, किती वाजेपर्यंत, नेमणूक कोणी आणि होडी कोणी द्यायची, ह्यातले काहीही त्यात नसते. २०१९ मध्ये आम्हाला तहसील कार्यालयाकडून नावानिशी नेमणूक मिळाली होती. निवाऱ्यातच झोपायची आणि जेवायची सोय होती, आणि पाण्यातून जायची वेळ आली तेव्हा बचाव पथकाची बोट होती. ती नेमणूक होती. तुम्ही मुंबईत जे सोसले त्याला मी नेमणूक म्हणणार नाही.

मुख्यालयी राहण्याचा मुद्दा इथे कोणी तरी काढेलच, म्हणून आधीच लिहितो. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाने शाळेच्या गावी राहावे हा नियम आहे आणि तो किती पाळला जातो ह्यावर दर वर्षी वाद होतो. गडचिरोलीत पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटतो. अशा ठिकाणी गावात राहणारा शिक्षक आणि तालुक्याहून येणारा शिक्षक ह्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे मान्य. पण गावात शिक्षकाला राहता येईल असे घर आहे का, हेही त्याच दमात विचारले पाहिजे.

पांढरा गणवेश

मी मुंबईतील एका शासकीय रुग्णालयात परिचारिका आहे. कोणाचे मन दुखवण्याचा हेतू नाही, पण माझ्या मनात जे येते ते लिहिते.

लाल इशारा असो वा नसो, आम्हाला जावेच लागते. बेस्टचे वाहक-चालक, सफाई कामगार, वीज मंडळाचे लोक, रेल्वेचे गँगमन हे सगळे त्या पाण्यातच असतात. २६ जुलैला मी नोकरीत नवी होते. पुढच्या पाळीच्या मुली पोहोचू शकल्या नाहीत, म्हणून मी सलग छत्तीस तास वॉर्डात होते. शिक्षकांना पूर्ण वेतन मिळते, दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्या मिळतात. मग वर्षातून तीन-चार दिवस यायला सांगितले तर त्याची एवढी तक्रार का व्हावी, असे सामान्य माणसाला वाटते. ते वाटणे अगदीच चुकीचे आहे का?

पहिलीचा वर्ग

ताई, तुमच्या छत्तीस तासांपुढे माझी एक दिवसाची पायपीट काहीच नाही, आणि तुमचा प्रश्न मला चुकीचाही वाटत नाही. तुम्ही गेला नसतात तर त्या वॉर्डातल्या रुग्णांना औषध कोणी दिले असते? मी गेले नसते तर मात्र कोणाचेही काही अडले नसते, कारण माझे विद्यार्थी शासनाच्याच आदेशाने घरी होते. शिरोळच्या सरांनी जसे काम केले तसे मला दिले असते, तर मी हा प्रश्न विचारला नसता. १९ ऑगस्ट २०२५ रोजी मुंबईत शाळा-महाविद्यालयांबरोबर अत्यावश्यक सेवा वगळून शासकीय आणि निमशासकीय कार्यालयांनाही सुटी दिली होती. म्हणजे कोणाचे काम थांबू शकत नाही आणि कोणाचे एक दिवस थांबू शकते, हा फरक शासनही करते. सर्व शिक्षकांना सरसकट अत्यावश्यक मानायचे असेल तर त्या दिवशी आम्ही काय करायचे ते तरी सांगावे.

तासिका

इथे वेतनाचा विषय निघाला म्हणून माझे दोन शब्द. मी कनिष्ठ महाविद्यालयात घड्याळी तासिका तत्त्वावर शिकवतो. जितके तास घेतले तितकेच मानधन मिळते. पावसाच्या सुटीचा तास झालेला नसतो, म्हणून त्याचे पैसे नाहीत. तरीही प्राचार्यांनी सर्वांना बोलावले की मीही जातो, कारण न जाणाऱ्याला पुढच्या वर्षी तासिका मिळतील की नाही ह्याची शाश्वती नसते. गेल्या जुलैत असे तीन दिवस गेले. प्रवासाचा खर्च झाला, सही झाली आणि मिळकत शून्य. स्वयंअर्थसहाय्यित शाळांतल्या माझ्या मैत्रिणींना त्याच दिवशी घरून ऑनलाइन तास घ्यायला लावतात. वीज गेली, नेट गेले, तर तो तास त्या पुढे भरून देतात. शिक्षक म्हटला की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे सातव्या वेतन आयोगाचा शिक्षक येतो, म्हणून हे लिहिले.

बर्फाची खिडकी

मी मूळची साताऱ्याची. गेली अकरा वर्षे न्यू जर्सीतल्या एका सार्वजनिक शाळेत गणित शिकवते. आमच्याकडे पावसाऐवजी हिमवादळ असते, पण प्रश्न शब्दशः हाच आहे, म्हणून इथली रीत सांगावीशी वाटते.

हिमवादळाचा अंदाज असला की शिक्षण विभागाचे प्रमुख, म्हणजे सुपरिंटेंडेंट, पहाटे चार-साडेचारला रस्ते खात्याशी आणि बस चालवणाऱ्यांशी बोलतात आणि पाचच्या सुमारास प्रत्येक घरी आणि प्रत्येक कर्मचाऱ्याला फोनवर ध्वनिमुद्रित निरोप जातो. निरोप तीन प्रकारचे असतात : शाळा बंद, शाळा नेहमीप्रमाणे, किंवा शाळा दीड-दोन तास उशिरा. हा तिसरा प्रकार मला फार उपयोगी वाटतो. रस्त्यावरचा बर्फ हटायला तेवढा वेळ पुरतो आणि दिवसही वाया जात नाही. मुंबईत भरती-ओहोटीची वेळ आधीच ठाऊक असते. मग दोन तास उशिरा शाळा हा पर्याय तिथे का वापरत नाहीत, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

शाळा बंद असली की शिक्षकांना यायचे नसते. इमारतीची देखभाल करणारे कर्मचारी मात्र येतात, कारण पायऱ्यांवरचा बर्फ काढला नाही तर दुसऱ्या दिवशीही शाळा उघडता येत नाही. त्यांच्या करारात ते काम लिहिलेले असते आणि त्याचा मोबदलाही ठरलेला असतो. बारा महिन्यांच्या करारावरील कार्यालयीन कर्मचाऱ्यांचे नियम वेगळे असतात. आम्ही शिक्षक दहा महिन्यांच्या करारावर असतो.

पण ही सुटी फुकट मिळते असे कृपया समजू नका. न्यू जर्सीत वर्षाला १८० दिवस अध्यापन व्हावेच लागते. म्हणून वेळापत्रकातच दोन-तीन दिवस जास्तीचे धरलेले असतात. हिवाळा सौम्य गेला तर मे महिन्याच्या शेवटी जोडून सुटी मिळते, आणि वादळे जास्त झाली तर वसंतातली सुटी कापली जाते किंवा जूनमध्ये शाळा लांबते. एकाच हिमवादळासाठी घरून ऑनलाइन शिकवले तर तो दिवस आमच्या राज्यात ह्या १८० मध्ये धरला जात नाही. शेजारच्या न्यूयॉर्क शहराने मात्र महासाथीनंतर हिमसुटी जवळजवळ बंद करून ऑनलाइन शाळा सुरू केली, आणि १३ फेब्रुवारी २०२४ च्या वादळात पहिल्याच तासाला असंख्य मुलांना आणि शिक्षकांना प्रणालीत शिरताच आले नाही. त्या दिवशी माझी तिथली एक मैत्रीण दोन तास फक्त पालकांचे फोन घेत होती.

हे सगळे सांगण्याचे कारण एकच. इथे शिक्षक तो दिवस देतो, पण एकदाच देतो, आणि वादळाच्या दिवशी न देता जूनमध्ये देतो. तुमच्याकडे तो दोनदा घेतला जातो असे मला वाचताना जाणवले. पावसात सहीसाठी बोलावले जाते आणि बुडालेला दिवस भरून काढायला पुढे शनिवारी पूर्ण वेळ किंवा रविवारी शाळा भरवली जाते. माझी बहीण कराडजवळ शिक्षिका आहे, तिच्याकडून मी हे दर वर्षी ऐकते. वादळाच्या दिवशी हजर राहिलेल्या शिक्षकाने तो रविवार पुन्हा का भरायचा, ह्याचे उत्तर तिला कोणी दिलेले नाही.

आवक-जावक

मी शिक्षण विभागात विस्तार अधिकारी म्हणून काम केले आहे. वरची चर्चा वाचून काही गोष्टी नियमांच्या अंगाने स्पष्ट कराव्याशा वाटतात. हे माझे वाचन आहे, शासनाचे मत नव्हे.

पहिली गोष्ट म्हणजे मूळ आदेश वाचावा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा एका ओळीचा निरोप पुरेसा नसतो. जिल्हाधिकारी हे आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम २५ प्रमाणे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात आणि सुटीचा आदेश बहुधा त्या अधिकारात निघतो. त्यात सुटी कोणाला आहे ते लिहिलेले असते. ‘शाळा बंद राहतील’ आणि ‘विद्यार्थ्यांना सुटी राहील’ ह्या दोन वाक्यांत शिक्षकाच्या दृष्टीने फार मोठा फरक आहे. पहिल्या वाक्यानंतर संस्थेने स्वतःच्या अधिकारात शिक्षकांना बोलावणे मला आदेशाशी विसंगत वाटते. दुसऱ्या वाक्यात शिक्षकांबद्दल मौन असेल तर निर्णय मुख्याध्यापकांवर येतो, आणि जुना फळा सरांनी सांगितलेली रीत तिथेच उपयोगी पडते.

दुसरी गोष्ट दिवसांच्या हिशेबाची. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी किमान २०० आणि सहावी ते आठवीसाठी किमान २२० कामाचे दिवस, तसेच अनुक्रमे ८०० आणि १००० अध्यापनाचे तास सांगितले आहेत. शिक्षकासाठी आठवड्याला ४५ तास धरले आहेत आणि त्यांत पाठाची पूर्वतयारी समाविष्ट आहे. आपल्याकडे माध्यमिक शाळा संहितेप्रमाणे कामाचे किमान दिवस २३० आणि वर्षातील एकूण सुट्या ७६ पेक्षा जास्त नाहीत. म्हणजे प्राथमिकच्या वर्गांना केंद्राच्या किमान मर्यादेपेक्षा बरीच मोकळीक उरते. तीन-चार दिवस पावसाने गेले तर अभ्यासक्रम बुडतो, असे दरवेळी म्हणण्याचे कारण नाही. तास कमी पडत असतील तर ते तासांत मोजून भरावेत. न्यू जर्सीच्या ताईंचा मुद्दा मला पूर्ण पटला. शिक्षक हजर होता असे हजेरीपट सांगत असेल, तर त्या दिवसाची भरपाई त्याच्याकडून पुन्हा मागताना काही तरी मोबदला सुटी द्यायला हवी.

तिसरी गोष्ट रजेची. शिक्षक दीर्घ सुटी विभागातील कर्मचारी मानले जातात, त्यामुळे इतर शासकीय कर्मचाऱ्यांसारखी अर्जित रजा त्यांच्या खात्यावर साठत नाही. पांढरा गणवेश ताईंना मे महिन्याची सुटी दिसते, तिची ही दुसरी बाजू आहे. म्हणून मोजक्या किरकोळ रजांतील एक रजा पुराच्या दिवसासाठी कापली जाणे शिक्षकाला इतके लागते. गाड्या बंद होत्या हे रेल्वेने स्वतः जाहीर केलेले असताना अशी रजा कापली गेली, तर लेखी अर्ज करावा आणि त्याची पोच घ्यावी. माझ्या टेबलावर असे अर्ज आलेले आहेत. तारीख, गाडीची वेळ आणि कुठपर्यंत पोहोचलो ते लिहिलेले असले की निर्णय घेणे सोपे जाते. फोनवरच्या वादातून मात्र काही हाती लागत नाही.

लाल इशारा म्हणजे काय, हेही मुख्याध्यापकांनी समजून घ्यावे. हवामान विभागाच्या वर्गवारीत चोवीस तासांत २०४.४ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस म्हणजे अत्यंत मुसळधार, आणि लाल रंगाचा अर्थ ‘कृती करा’ असा आहे. ती कृती आदल्या संध्याकाळी ठरवता येते. सकाळी सहाला निरोप पाठवण्याची वेळ येते ती बहुधा आदल्या दिवशी कोणी काही न ठरवल्यामुळे.

जुना फळा

आवक-जावक सरांच्या शेवटच्या मुद्द्यात एक भर. आदल्या संध्याकाळी ठरवताना दोन सत्रांचा विचार वेगळा करावा. सकाळच्या सत्राची मुले शाळेत असताना पाऊस वाढला तर त्यांना लगेच सोडून देण्याची घाई करू नये. २००५ साली जी मुले दुपारी सोडली गेली त्यांचेच हाल झाले, थांबवून घेतलेली मुले सुखरूप राहिली. अशा वेळी शिक्षकाने थांबलेच पाहिजे, आणि तो थांबतोही.

पहिलीचा वर्ग

सर्वांचे मनापासून आभार. काल शाळा सुटल्यावर आम्ही अकरा जणींनी बसून मुख्याध्यापकांना द्यायचा अर्ज लिहिला. जुना फळा सरांची पाळीची रीत त्यात जशीच्या तशी घेतली आहे. परळ, लालबाग आणि शिवडीत राहणारे चौघे आहेत, त्यांना आधी विचारले आणि त्यांनी होकार दिला. त्यांच्याकडून स्नेहसंमेलनाचे काम आम्ही बाहेरगावच्या शिक्षिका घेणार आहोत. शिरोळच्या सरांच्या पोस्टवरून एक वाक्य जोडले आहे : शाळेत निवारा उघडला गेल्यास आणि नावानिशी नेमणूक मिळाल्यास आम्ही सर्व जणी येऊ, मात्र जाण्यायेण्याची किंवा तिथे राहण्याची सोय त्यात लिहिलेली असावी. गेल्या वर्षी कापलेल्या रजांसाठी गाड्यांच्या वेळांसह वेगळा अर्ज करत आहोत.

तासिका सर, आमच्याकडे मानधनावर काम करणारी एक शिक्षणसेविका आहे. तिला प्राथमिकचे दरमहा १६,००० रुपये मिळतात आणि ती वांगणीहून येते. अर्जावर तिची सही घ्यावी की तिला त्यातून त्रास होईल, ह्यावर आमच्यात एकमत होत नव्हते. शेवटी तीच म्हणाली की सही करते. आम्ही तिचे नाव यादीत मधोमध घेतले आहे, पहिले किंवा शेवटचे नाही.

संस्थेच्या सचिवांकडे हा अर्ज मुख्याध्यापकांमार्फत पाठवावा, की एक प्रत थेट द्यावी, एवढेच आता विचारायचे आहे. सोमवारी द्यायचा आहे.

आवक-जावक

मुख्याध्यापकांमार्फतच पाठवा. ‘प्रत माहितीसाठी’ असे लिहून दुसरी प्रत त्याच वेळी त्यांच्याच हाती द्या आणि दोन्हींवर आवक क्रमांक व तारीख घालून घ्या.